झोपेचे तास

विट्याच्या बालविकास केंद्रात यामिनी सुतार कामाला लागली तेव्हा तिच्या खोलीच्या दारावर 'कुटुंब नियोजक' अशी पाटी होती. कुणीतरी लांब कुठंतरी बसून केलेलं भाषांतर होतं ते. पाटी वाचून बायका दारातूनच परत फिरायच्या. एकीनं तर 'आमचं ऑपरेशन झालंय मॅडम' म्हणत खुर्चीवर बसायलाही नकार दिला होता. पुढं पाटी बदलून 'पालक मार्गदर्शक' झाली, काम मात्र तेच राहिलं. ज्यांच्या बाळाच्या वाढीत अडथळा आहे अशा आईबापांसमोर बसायचं, आणि येत्या वर्षात काय करायचं, कुणी करायचं, कसं जमवायचं याचा आराखडा त्यांच्याबरोबर ठरवायचा. या कामात तिची तिशी गेली होती आणि आता चाळिशीही सरत आली होती. अलीकडं घरी पोचल्यावर चपला काढण्याआधी ती दाराशीच थोडा वेळ उभी राहायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

देवकर मंडळी आली ती एका मंगळवारी. प्रणाली, तिच्या मांडीवर नऊ महिन्यांची जुई, शेजारी प्रणालीची सासू रंजनाताई, आणि भिंतीवरच्या पडद्यावर सेलमहून जुईचा बाप ऋतुराज. या भागातली कितीतरी घरं अशीच. पुरुषमाणूस दूर दक्षिणेत गलाईच्या दुकानात जुनं सोनं वितळवून शुद्ध करत बसलेला, आणि इकडचं घर बायकांच्या हाती. ऋतुराजच्या मागं भट्टी दिसत होती. बोलायला बसण्याआधी त्यानं हात धुतले होते, ते तो अजून टॉवेलला पुसत होता.

जुईला जन्मताना प्राणवायू कमी पडला होता. मेंदूचा जो भाग हातापायांना आणि जिभेला हुकूम देतो, त्याला इजा झाली होती. तिचे पाय ताठ व्हायचे, मुठी मिटलेल्या राहायच्या, गळ्यातून आवाज जवळजवळ निघत नसे. बघायची मात्र. टक लावून, खूप वेळ.

"कानोशाचा आराखडा आलाय," यामिनी म्हणाली.

कानोसा हे केंद्रातलं नवं यंत्र. यंत्र म्हणजे दोन वस्तू होत्या. बाळाच्या अंथरुणाखाली घालायची एक पातळ चटई, आणि आईच्या गळ्यात बांधायचा चिंचोक्याएवढा मणी. चटईला बाळाची बारीकातली बारीक हालचाल कळायची. मण्याला आईचा आवाज, तिची नाडी, आणि उघड्या डोळ्यांनी मेंदू ज्या क्षणभराच्या डुलक्या घेतो त्याही कळायच्या. काही दिवस दोघींचा कानोसा घेऊन झाला की यंत्र त्या बाळाच्या मेंदूची एक प्रतिकृती आपल्या पोटात उभी करायचं, तिला हजारो वेगवेगळ्या तऱ्हांनी वाढवून बघायचं, आणि मग सांगायचं की या बाळाला कशाचा सर्वांत जास्त उपयोग होईल. जिल्ह्यात थेरपिस्ट मोजकेच. प्रत्येक बाळाच्या वाट्याला आठवड्याचे दहा तास यायचे, आणि ते कशावर खर्चायचे हे कानोसा ठरवायचा.

"तीन तास व्यायाम, तीन तास गिळणं आणि बोलणं," यामिनीनं वाचून दाखवलं. पुढचं वाक्य तिनं गेल्या वर्षभरात बऱ्याच घरांना सांगितलं होतं, आणि ते सोपं होत नव्हतं. "उरलेले चार तास प्रणालीच्या झोपेचे."

"कशाचे?" ऋतुराजनं विचारलं.

"झोपेचे. केंद्राची सहायिका दुपारी घरी येईल, जुईला सांभाळेल. तेवढा वेळ प्रणालीनं झोपायचं."

रंजनाताई हसल्या, तिथल्या तिथं गप्पही झाल्या. प्रणाली हसली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, पदराला दुधाचा डाग होता.

"मला झोप नको मॅडम," ती म्हणाली. "तेवढे तास हिच्या व्यायामाला द्या. मी राहते जागी. मला सवय आहे."

"सवय आहे हीच अडचण आहे गं." यामिनीनं जुईकडं बोट केलं. "हे बघ. बाळ आवाज करतं, आपण लगेच 'काय गं' म्हणतो. ते बघतं, आपण हसतो. आपण काही केलं की जगात काहीतरी होतं, हे त्याला यातून समजतं, आणि त्यातूनच मेंदूतले धागे जुळत जातात. पण उत्तर वेळेत यावं लागतं. सेकंद-दीड सेकंदाच्या पुढं गेलं की बाळाच्या लेखी ते उत्तरच नसतं. त्यानं जे केलं त्याच्याशी उत्तराचा संबंध लागत नाही. चांगलं दणदणीत ओरडणारं बाळ असेल तर निम्म्या हाका हुकल्या तरी चालतं. जुईची हाक म्हणजे काय? अंगठा जरासा उघडतो. जिभेचं टोक ओठाशी येतं. एखादे वेळी नुसता श्वास अडतो. ते ओळखून त्याच घडीला उत्तर द्यायचं तर माणूस पुरतं जागं पाहिजे. तू जागी असतेस, पण थकलेली. मेंदू मधेच डुलकी काढतो, तुला कळतसुद्धा नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात आलेख होता. जुईच्या हाका निळ्या, प्रणालीची उत्तरं केशरी. सकाळी दोन्ही रंग एकमेकांना चिकटून होते. दुपारपासून त्यांच्यात फट पडत गेली होती, आणि संध्याकाळी निळ्या ठिपक्यांसमोर काहीच नव्हतं.

ऋतुराज तो आलेख बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे प्रणालीमुळं होतंय हे?"

"नाही. असं अजिबात नाही," यामिनी चटकन म्हणाली. "इजा जन्माच्या वेळची आहे. हे फक्त पुढं काय करायचं त्याबद्दल आहे."

पण प्रश्न विचारून झाला होता. प्रणालीनं मान खाली घातली. जुईचा अंगठा उघडला, मिटला. तो कुणीच बघितला नाही. यामिनीनं बघितला, तोही उशिरा.

*

पुढच्या पंधरवड्यात केंद्राची सहायिका देवकरांकडं नेमानं गेली. आणि नेमानं परत आली. यामिनीच्या पडद्यावर रोज तेच यायचं: दुपारची झोप, नाही. शेवटी ती स्वतः गेली.

घर मोठं होतं. सेलमच्या पैशातून बांधलेलं, खाली गुळगुळीत फरशी, वर दोन रिकामे मजले. सहायिका बिचारी ओट्यापाशी उभी राहून शेंगा सोलत होती. रंजनाताईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, पोरीला परकं माणूस हात लावणार नाही, बसल्या बसल्या काही करायचं तर हे कर. प्रणाली आतल्या खोलीत जुईला गुडघ्यांवर घेऊन व्यायाम करवत होती.

"तू झोपायची आहेस आत्ता," यामिनी म्हणाली.

"पडले होते मॅडम. खरंच पडले होते." प्रणालीनं गळ्यातल्या मण्याला हात लावला. "पण डोळा लागत नाही. हा मोजतोय असं वाटतं. झोप आली नाही तर तेही तिकडं नोंदलं जाणार. ह्यांना पण दिसतं ना सगळं, सेलमला. परवा फोन करून म्हणाले, काल तीन ते चार काय करत होतीस, एकही केशरी ठिपका नाही. मी बाथरूममध्ये होते हो."

आराखडा आणि आलेख आईबाप दोघांनाही दिसले पाहिजेत, असा नियम होता. चांगल्या हेतूनंच केलेला होता. बापानंही लक्ष घालावं म्हणून.

"आणि आता म्हणतायत," प्रणालीचा आवाज बारीक झाला, "तू महिनाभर आटपाडीला माहेरी जा. विश्रांती घे. इथं ते सांगलीहून शिकलेली बाई ठेवणार आहेत, पूर्ण दिवसाची. तिची उत्तरं वेळेत येतील म्हणतात."

"आणि जुई?"

"जुई इथंच. चटई इथं आहे ना."

ती हे इतकं सरळ म्हणाली की यामिनीला क्षणभर त्यातलं काही वावगं जाणवलंच नाही. मग जाणवलं. मुलीला आईच्या जवळ ठेवण्यासाठी जे मोजमाप आणलं होतं, त्याच मोजमापानं आई घराबाहेर निघाली होती.

"तुला जायचंय?"

"मॅडम, मला काय वाटतं ते मलाच कळेना झालंय. वाटतं, खरंच माझ्यामुळं मागं पडत असेल तर गेलेलं बरं." तिनं जुईचे पाय पुन्हा हातात घेतले. "पण ती मला शोधते. कुणाला दिसत नाही, पण शोधते."

*

यामिनी घरी पोचली तेव्हा तिची आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. आईचं वय सत्तरीपलीकडं. यामिनीचा धाकटा भाऊ अवधूत असाच होता, जुईसारखा, थोडा जास्तच. चालला नाही, बोलला नाही. सव्वीस वर्षं आईनं त्याला उचललं, भरवलं, कुशीवर वळवलं. तो जाऊनही आता काही वर्षं झाली होती, पण आई अजून तुकड्यातुकड्यानं झोपायची. मधेच उठून बसायची, कुणाला तरी वळवायचं राहिलंय अशी.

"काय म्हणतंय तुझं नवीन यंत्र?" आईनं विचारलं. हा प्रश्न ती वर्षभर अधूनमधून विचारत होती आणि यामिनी वर्षभर टाळत होती. 'नेहमीचंच' म्हणून सांगायची. त्या संध्याकाळी टाळायलाही तिच्यात बळ उरलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. हाका, उत्तरं, उघड्या डोळ्यांच्या डुलक्या, देवकरांचं घर.

आईचे हात थांबले.

"म्हणजे मी झोपले असते तर अवधूत बोलला असता?"

"तसं नाही गं आई."

"तसंच म्हणालीस आत्ता."

"कदाचित थोडंफार काही. कदाचित नाहीच. त्याची इजा मोठी होती. आणि तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं."

आईनं एक काडी उचलली, पानं न तोडताच खाली ठेवली. यामिनीला वाटलं, आपण हे सांगायला नको होतं. कितीही थकलो असलो तरी नको होतं.

"तेव्हा मला सगळे एकच विचारायचे," आई शेवटी म्हणाली. "व्यायाम घेतलास का. औषध दिलंस का. डॉक्टर विचारायचे, तुझे बाबा विचारायचे, शेजारणी विचारायच्या. झोपलीस का, असं एकानं नाही विचारलं."

"हो."

"आता तू लिहून देतेस, चार तास झोप म्हणून. बरं झालं. पण पोर कुणाच्या हातात देऊन झोपायचं तिनं? तू दहा वर्षांची होतीस, मागायचीस त्याला. दे ना आई, मी घेते. मी नाही द्यायचे."

"मी पाडीन म्हणून?"

"नाही गं. पाडलं नसतंस तू." आई खिडकीकडं बघत होती. "तुझ्याकडं दिला आणि तो तुझ्याकडंही तसाच शांत राहिला, तर मग मी कोण, असं वाटायचं. दुसरं काय होतं माझ्याकडं? आणि घरातलं दुसरं कुणी पुढं होऊन, सोड आता, दे इकडं, असं जोरानं म्हणालं नाही. म्हणालं असतं तर दिला असता. रडत दिला असता, पण दिला असता."

आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती गप्पच होती. यामिनीनं डबा भरला, निघताना 'येते' म्हणाली. आईनं नुसती मान हलवली.

*

देवकरांच्या घरी ती या वेळी सरळ रंजनाताईंसमोर जाऊन बसली. प्रणाली आत जुईला भरवत होती. सोफ्याशेजारी एक बॅग भरून ठेवलेली दिसत होती.

"काकू, एक विचारू? जुईला तुम्ही घेता का कधी?"

रंजनाताईंनी पदर सावरला. "घेते की. म्हणजे प्रणालीच असते सारखी. मला कुठं वेळ मिळतो?"

"शेवटचं कधी घेतलंत?"

फरशीवर ऊन पसरलं होतं. रंजनाताई त्या उन्हाकडं बघत म्हणाल्या, "बारशानंतर एकदा घेतली होती. तर अशी धनुकलीसारखी ताठ झाली बघा. मान मागं टाकली आणि कळवळून रडली. माझ्या हातात मावंना. ह्या घरात मी तीन पोरं वाढवली, दिराची दोन वाढवली. एकही पोर माझ्याकडं असं रडलं नाही. म्हटलं, हिला मी नको आहे. नको तर नको."

"तुम्ही नको नव्हता काकू. तिला आडवी सरळ धरली की स्नायू ताठतात, तिच्या हातात नसतं ते. धरायची रीत वेगळी आहे. बघता?"

"आणि पडली म्हणजे? आधीच पोरीचं एवढं झालंय."

"मी आहे ना इथं."

यामिनी आत गेली आणि प्रणालीला म्हणाली, "सोड आता, दे इकडं." इतक्या जोरानं ती कुठल्याच आईशी कधी बोलली नव्हती. प्रणालीनं दचकून वर बघितलं. मग जुईला पुढं केलं. तिचे हात मात्र बाळाबरोबर थोडे पुढं आले आणि तसेच हवेत राहिले.

बाहेर यामिनीनं रंजनाताईंना दाखवलं. आधी बाळाचे गुडघे पोटाशी घ्यायचे, कमरेत घडी करायची. पाय दुमडले की पाठीतला ताठा आपोआप सुटतो. मग तिची पाठ आपल्या पोटाला, एक हात मांड्यांखालून, खुर्चीत बसवल्यासारखी. रंजनाताईंनी श्वास रोखून तिला घेतलं. जुई कुरकुरली, पाय एकदा झटकले, मग त्यांच्या पोटाला टेकली.

"आगं बया," रंजनाताई अगदी हळू म्हणाल्या. "बसली."

दारात उभी राहून प्रणाली बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणवत नव्हतं. यामिनीला आईची आठवण झाली.

"मणी काढ गळ्यातला," ती प्रणालीला म्हणाली.

"काढला तर चालतो?"

"नाही चालत. काढ."

यामिनीनं मणी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि तिथूनच केंद्राचे प्रमुख डॉ. निंबाळकर यांना फोन लावला. लपवून ठेवावं असं तिच्या मनात नव्हतं.

"यामिनीताई, नोंद नाही तर आराखडा नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तेही थकलेलेच होते. "झोपेचे चार तास मला बंद करावे लागतील. यादीत माणसं थांबलीत, तुम्हाला माहीत आहे."

"करा बंद. सहा तास थेरपीचे ठेवा. ते तर मण्याशिवायही होतात."

"आणि ती झोपतेय की नाही, कसं कळणार आपल्याला?"

"विचारू तिला."

"मुलीचं नुकसान झालं तर?"

"होईल कदाचित," यामिनी म्हणाली. "पण आईला पाठवून दिलं तर काय होईल, ते आपल्या यंत्रानं कुठं वाढवून बघितलंय?"

ऋतुराजचा फोन आला तो अर्ध्या तासात. केशरी ठिपके अचानक बंद झाले होते. त्यानं आईला फोन लावला, आणि रंजनाताईंनी तो मांडीवरची जुई न हलवता, मान वाकडी करून कानाशी धरला.

"अरे, ऐक. ती कुठं जात नाही. बॅग काढायला लावली मी... सांगलीची बाई नको मला घरात... कोण म्हणजे? मी घेणार. जेवणं झाली की चहापर्यंत... शिकले की आत्ताच." मग त्या बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "तुला पोरीची काळजी आहे, मला कळत नाही का? तिकडं एकटा बसून त्या रेघा बघत असतोस रोज. नको बघत जाऊस, बाळा. त्यापेक्षा रोज एकदा मला फोन कर. मी सांगत जाईन."

फोन ठेवून त्या प्रणालीला म्हणाल्या, "जा. पड जा."

"भांडी..."

"जा म्हटलं ना."

प्रणाली गेली. दार लोटून घेतलं, मग परत येऊन ते बोटभर उघडं ठेवलं. त्या दुपारी ती झोपली की नाही, हे कुणालाच समजलं नाही.

*

पहिले काही आठवडे बरे गेले नाहीत. रंजनाताईंची कंबर धरली. जुई दोनदा आजीकडं भरवताना ठसकली आणि प्रणाली धावत बाहेर आली. एकदा सासूसुनांचं चांगलंच वाजलं, तेव्हा दोघींनी यामिनीला वेगवेगळे फोन करून एकमेकींबद्दल सांगितलं. थेरपिस्ट म्हणाली, पायांत थोडा फरक आहे, आवाजात नाही. केंद्रात निंबाळकरांनी एकदा विषय काढला आणि दुसऱ्या कुणाचा तरी फोन आला म्हणून सोडून दिला. यामिनीला स्वतःच्या निर्णयाची खात्री नव्हती. गाडी चालवताना कधीकधी वाटायचं, त्या चार तासांच्या नोंदीतून यंत्राला काही नवं कळलं असतं, आराखडा सुधारला असता, आणि ते आपण मधेच तोडलं. घरी आई पुन्हा बोलायला लागली होती. अवधूतचा विषय मात्र तिनं काढला नाही, आणि यामिनीनंही नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी यामिनी देवकरांकडं गेली. आराखड्याचं पुढचं ठरवायचं होतं. घर शांत होतं. रंजनाताई फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायांच्या घडीत जुई, समोर ताटलीत हलव्याचे चार दाणे नुसते बघायला ठेवलेले. आतल्या खोलीतून घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

"घोरते," रंजनाताई कौतुकानं म्हणाल्या. "सांगू नका तिला."

यामिनी त्यांच्यासमोर खाली बसली. रंजनाताई जुईशी बोलत होत्या, तसं फारसं काही नाही. हा पांढरा, हा गुलाबी. जुईचा अंगठा उघडला की लगेच "हां, हा का? बरं." ओठाशी जीभ आली की "सांग, सांग की." त्यांचं लक्ष कुठंच हलत नव्हतं. दुपारी काही काम नसलेल्या, पोटभर झोपलेल्या माणसाचं ते लक्ष होतं.

मग रंजनाताई सहज गप्प झाल्या. ताटलीतला दाणा उचलायला त्या वाकल्या होत्या. आणि जुईनं आवाज केला.

रडण्याचा नव्हता, ठसक्याचा नव्हता. घशातून वर आलेला, थोडा घासटलेला, "अं" सारखा. मग ती थांबली आणि मान कलती करून, कष्टानं, आजीच्या तोंडाकडं बघू लागली. वाट बघत.

"ओ," रंजनाताई म्हणाल्या. "ओ गं माझी बाय. बोलावलंस व्हय मला?"

जुईनं पुन्हा केला. या वेळी लांब.

यामिनी उठली. तिचे पाय आतल्या खोलीच्या दाराकडं वळलेच होते. रंजनाताईंनी तिच्या साडीची निरी धरली.

"नको. उठवू नका तिला."

"काकू, ती आई आहे. तिनं हे..."

"कालची सगळी रात ती जुईपाशी जागी होती. आत्ता कुठं डोळा लागलाय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "झोपू द्या."

यामिनी उभीच राहिली. दार बोटभर उघडं होतं. आत प्रणाली कुशीवर, तोंड किंचित उघडं टाकून, एक हात शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवून झोपली होती. हाक मारायला एवढासा शब्द पुरला असता. यामिनीनं दार ओढून घेतलं आणि परत येऊन खाली बसली. जुईनं पुन्हा आवाज केला नाही.

चहाच्या वेळेला प्रणाली केस बांधत बाहेर आली. गालावर उशीची घडी उमटली होती. रंजनाताईंनी आढेवेढे घेतले नाहीत, सरळ सांगितलं.

प्रणाली केस तसेच हातात धरून उभी राहिली. "दोनदा?"

"दोनदा."

"आणि मला उठवलं नाही?" ती यामिनीकडं वळली. "तुम्ही पण होतात मॅडम. तुम्ही पण नाही उठवलंत?"

रंजनाताईच म्हणाल्या, "तू जागी असतीस तर मी हिला घेऊन बसले असते का, सांग बरं."

प्रणाली खाली बसली आणि रडली. आवाज न करता, बऱ्याच दिवसांचं रडावं तशी. मग नाक पुसून तिनं जुईला मांडीवर घेतलं, गुडघे पोटाशी, पाठ पोटाला. "जुई," ती म्हणाली. "मला पण सांग ना." जुई तिच्याकडं टक लावून बघत राहिली. अंगठा उघडला. "हां," प्रणाली लगेच म्हणाली. जीभ ओठाशी आली. "हां, सांग." तिघी वाट बघत राहिल्या. चहाची वेळ टळली. जुई दमली, डोळे जड झाले तिचे.

"पुन्हा करेल ना?" प्रणालीनं विचारलं.

"करेल."

"मी असताना?"

यामिनीनं एवढ्या वर्षांत आईबापांना पुष्कळ गोड उत्तरं दिली होती. "ते नाही सांगता येत," ती म्हणाली.

प्रणालीनं मान हलवली. थोडा वेळ ती जुईच्या टाळूवर हनुवटी टेकून बसली. मग तिनं जुईला उचललं आणि आपणहून सासूच्या मांडीवर दिलं. या वेळी तिचे हात हवेत राहिले नाहीत.

"मम्मी, अजून थोडा वेळ घ्या हिला," ती म्हणाली. "मी पडते जरा."

आतलं दार लागलं. यामिनीला अजून लेंगरे गावातल्या एका घरी जायचं होतं. तिनं तिथं फोन करून यायला उशीर होईल असं कळवलं, आणि तिथंच, रंजनाताईंच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.